जुन्या डच ड्रॉइंगमधलं गावचं चर्च, पण यात देव नेमका कुठाय?

सांगलीकर_आमस्टेलवीन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे, सांभाळून घ्या. आमच्या शेजारचे डच आजोबा मागच्या महिन्यात घर सोडून मुलीकडे राहायला गेले, जाताना बरंच सामान वाटून टाकलं, आमच्या वाट्याला एक फ्रेम आली. जुन्या ड्रॉइंगची छापील प्रत आहे, मूळ बिळ काही नाही, उगाच कोणी किंमत विचारू नका. मागे पेनने लिहिलंय सानरेडाम, आसेन्डेल्फ्ट, १६३४. शोधल्यावर कळलं की पीटर सानरेडाम हा चित्रकार, आसेन्डेल्फ्ट हे आमच्यापासून तासाभराच्या आतलं गाव, आणि हे त्या गावचं चर्च, आत बसून काढलेलं.

आता अडचण अशी की यात काही नाहीच. म्हणजे खांब आहेत, कमानी आहेत, लांबवर ते प्रवचन देतात तो उंच लाकडी मंच आहे, बाकी सगळा मोकळा कागद. क्रॉस नाही, मेरी नाही, मेणबत्ती नाही. आई सध्या तीन महिन्यांसाठी आलीये, तिने फ्रेम हातात धरून विचारलं, हे देऊळ आहे की गोडाऊन? मला उत्तर देता आलं नाही.

मग मी एक व्हिडिओ बघितला, त्यात एक माणूस सांगतो की जुन्या डच चित्रात प्रत्येक गोष्ट धार्मिक प्रतीक असते, बारा खांब म्हणजे येशूचे बारा शिष्य, खिडकीतला उजेड म्हणजे पवित्र आत्मा, कमान म्हणजे स्वर्गाचं दार, वगैरे वगैरे. मी खांब मोजायला बसलो, बारा काही होईनात. कोणाला यातलं कळतं का? खरंच यात प्रतीकं आहेत की नुसती बिल्डिंग काढलीये?

रेघोट्या

खांब मोजणं आधी बंद करा 😄

तुमच्या आईंचा प्रश्न त्या व्हिडिओपेक्षा शंभरपट चांगला आहे. कारण हे चर्च गोडाऊनसारखं दिसतं हीच यातली धार्मिक गोष्ट आहे. हे असं बांधलेलं नव्हतं, हे असं *केलेलं* आहे. बांधलं तेव्हा ते कॅथलिक चर्च होतं, ओडुल्फस नावाच्या संताच्या नावाचं, म्हणजे आत पूर्वेच्या टोकाला वेदी, संतांचे पुतळे, भिंतींवर चित्रं, रंगीत काचा असा सगळा थाट धरून चाला. मग १५६६ च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सभर मूर्ती फोडायची लाट आली आणि पुढे १५७० च्या दशकात हॉलंड प्रांतातली चर्चं कॅल्विनच्या प्रोटेस्टंट पंथाच्या ताब्यात गेली. पुतळे काढले, वेद्या काढल्या, भिंतींना चुना मारला. सानरेडामचा जन्म १५९७ चा, तिथलाच, आसेन्डेल्फ्टचा. म्हणजे तो शुद्धीवर आला तेव्हापासून त्याने चर्च हे असंच बघितलंय. त्याच्यासाठी ते रिकामं नव्हतंच, ते नॉर्मल होतं.

आता असं का केलं त्यांनी? नुसती तोडफोड नव्हती, त्यामागे विचार पक्का होता. हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी म्हणून एक पुस्तिका आहे १५६३ ची, या लोकांच्या पोराटोरांना पाठ असायची, दर रविवारी दुपारी चर्चमध्ये त्यावर प्रवचन व्हायचं. त्यात ९८ वा प्रश्न साधारण असा आहे की, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकाच्या जागी म्हणून चित्रं ठेवली तर चालतील का? उत्तर, नाही, आपण देवापेक्षा शहाणे नाही, देवाला त्याची माणसं मुक्या मूर्तींनी नाही तर जिवंत प्रवचनाने शिकवायची आहेत. हे डोक्यात ठेवून आता तुमची फ्रेम बघा. तुम्ही ज्याला उंच लाकडी मंच म्हणताय ते पुलपिट, ते एकटंच का आहे त्या सगळ्या पांढऱ्यात? कारण आता देव तिथून ऐकू येतो. दिसत नाही, ऐकू येतो. ड्रॉइंगमध्ये आवाज काढता येत नाही, त्यामुळे आपल्याला नुसता लाकडी डबा दिसतो.

आणि एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात भारी. तो बसलाय कुठे ते बघा. आपण दारातून आत बघत नाही आहोत. आपण चर्चच्या एकदम आतल्या टोकाला, कोर म्हणतात त्या भागात उभं राहून पश्चिमेला, म्हणजे उलटं बघतोय. त्या टोकालाच पूर्वी मुख्य वेदी असायची. आपल्याकडच्या हिशोबाने सांगायचं तर हा माणूस गाभाऱ्यात बसून सभामंडपाचं चित्र काढतोय. शंभर वर्षांपूर्वी त्या जागी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची मुख्य उपासना, चालली असती आणि एका चित्रकाराला तिथे स्टूल टाकून बसू दिलं नसतं.

तिरकसराव

रेघोट्या, छान लिहिलंय पण मला नेहमीची शंका. भिंत पांढरी होती म्हणून त्याने पांढरी काढली, पुलपिट तिथे होतं म्हणून तिथे काढलं. हा माणूस मोजपट्टी घेऊन फिरणारा, आर्किटेक्टसारखा. उद्या मी आमच्या सोसायटीच्या जिन्याचं ड्रॉइंग काढलं आणि चारशे वर्षांनी कोणी म्हणालं की जिना म्हणजे मोक्षाकडे जाणारा मार्ग, तर मी वर बसून कपाळावर हात मारेन. चर्चमध्ये धर्म आहे हे मान्य. *चित्रात* धर्म आहे हे कशावरून?

आणि तो व्हिडिओवाला बारा खांबवाला, अशांना एक दिवस मोजणी कार्यालयात बसवलं पाहिजे.

निर्मळची_लेक

मी वसईची, निर्मळची, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक, मिस्सा मराठीत, त्यामुळे हा धागा बघून राहवेना.

मी २०१९ ला नवऱ्याच्या ऑफिसच्या कामात घुसून हार्लेमला गेलेले. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये शिरले आणि सवयीने हात आधी उजवीकडे गेला, पवित्र पाण्यात बोटं बुडवायला. तिथे काही नाही, नुसता खांब. मग सवयीने समोर गुडघा टेकायला गेले तर समोर पण काही नाही, म्हणजे वेदीच नाही, गुडघा टेकायचा कोणाला? अक्षरशः अर्धी वाकून तशीच उभी राहिले, मागून येणारी एक बाई थांबली, तिला वाटलं माझं काही पडलंय. तो जो गोंधळ झाला ना मनाचा तो तुमच्या या ड्रॉइंगमध्ये आहे असं मला वाटतं. आमच्या गावच्या चर्चमध्ये डोळ्याला एक मिनिट विश्रांती नसते, मागे अल्तार म्हणजे वेदी, बाजूला संत, वर झुंबर, सणाला तर फुलं आणि लायटिंग विचारू नका. कुठे बघायचं ते चर्चच तुम्हाला सांगतं. इथे सांगत नाही.

अजून एक गंमत सांगते जी मला तिथेच कळली. अशा चर्चमध्ये वेदीच्या जागी किंवा आसपास मोठाल्या लाकडी पाट्या असतात, काळ्यावर सोनेरी अक्षरं, दहा आज्ञा लिहिलेल्या. मी डच अक्षरं जुळवत वाचायला लागले तर नंबर जुळेनात. आम्ही धर्मशिक्षणात शिकलो त्यात दुसरी आज्ञा देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. त्यांची दुसरी, कोरीव मूर्ती करू नको! आमच्यात ते पहिल्या आज्ञेतच धरलेलं आहे, वेगळा नंबर नाही, आणि दहा भरायला शेवटची आज्ञा दोनात तोडलीये. त्यांनी मूर्तीवाल्याला स्वतंत्र नंबर दिला. म्हणजे पाटीवर नुसता नंबर बदलला की सगळं चर्च पांढरं होतं, बघा.

तिरकसराव, जिन्याचं माहीत नाही, पण ज्या भिंतीवरून माणसांनी एकमेकांचे जीव घेतलेत ती भिंत नुसती पांढरी कशी असेल.

तिरकसराव

निर्मळची_लेक, गुडघ्याचा किस्सा जबरी. पण माझा मुद्दा तसाच आहे, तुम्ही भिंतीबद्दल बोलताय, मी कागदाबद्दल.

आणि "कॅल्विनवाल्यांनी संतांना चुना लावला" हे वाक्य इथे कोणीच अजून लिहिलं नाही याचं मला वाईट वाटतंय म्हणून मीच लिहून टाकतो.

रेघोट्या

🤣 आता चुन्याचंच निघालंय तर, त्या चुन्याने उलटं काम पण केलं. बऱ्याच डच चर्चमध्ये नंतर डागडुजी करताना चुन्याचे थर खरवडले तर खाली जुनी चित्रं निघाली, संत फिकट झालेले पण जिवंत. पुसायला गेले आणि झाकून ठेवले.

तिरकसराव, कागदाबद्दल बोलू. तुमचं निम्मं बरोबर आहे. हा माणूस खरंच मोजपट्टीवाला. त्याची पद्धत अशी की आधी चर्चमध्ये बसून स्केच, सोबत मापं. मग घरी टेबलावर पट्टी आणि कंपास घेऊन दुसरं ड्रॉइंग, काटेकोर, त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याचा बिंदू कुठे ते ठिपका देऊन मार्क केलेलं. मग त्या कागदाची मागची बाजू काळी करून तो लाकडी फळीवर ठेवायचा आणि रेघा गिरवून उतरवायच्या. मग रंग. आणि हे सगळं सलग नाही, मध्ये वर्षानुवर्षं जायची. तुमच्या चर्चचं ड्रॉइंग १६३४, त्यावरून पेंटिंग केलं १६४९ ला, पंधरा वर्षांनी! ते आज आमस्टरडॅमला राइक्सम्युझियममध्ये आहे. तारखा पण लिहायचा गडी, त्या पेंटिंगवर २ ऑक्टोबर १६४९ अशी तारीख आहे, आणि सोबत हे आसेन्डेल्फ्टचं चर्च, हॉलंडमधलं एक गाव, असं साधं लिहिलंय, आपण फोटोमागे लिहितो तसं.

पण तुमचं उरलेलं निम्मं चूक, कारण मोजणारा माणूस पण निवडतो. पुरावा देतो, गावचा नाही, शहराचा आहे, पण माणूस तोच. डेन बॉश शहरातलं सेंट जॉनचं चर्च. ते शहर १६२९ ला डच फौजेने जिंकलं, तोवर ते कॅथलिक होतं. सानरेडाम तिथे १६३२ ला गेला आणि आतलं ड्रॉइंग काढलं. तोपर्यंत मुख्य वेदीवरचं मोठं चित्र तिथून हलवलेलं होतं. त्यामुळे ड्रॉइंगमध्ये ते नाही. १६४६ ला त्याने याच ड्रॉइंगवरून पेंटिंग केलं, आणि पेंटिंगमध्ये वेदीवर ब्लूमार्ट नावाच्या चित्रकाराचं चित्र बसवलंय, येशूच्या जन्मानंतर मेंढपाळ दर्शनाला येतात ते! जे त्याने तिथे बघितलं नाही ते त्याने लावलं. का ते भांडत बसा, कोणा कॅथलिक गिऱ्हाईकासाठी असेल, जुन्या वैभवाची हौस असेल. पण एवढं नक्की की या माणसाला चर्च भरता येत होतं. आसेन्डेल्फ्टचं त्याने भरलं नाही.

उंचीत पण फेरफार करायचा, खांब थोडे ताणायचा. मोजायचं सगळं काटेकोर आणि मग शेवटी डोळ्याला हवं तसं करायचं. हे ज्याला जमतं त्याच्या पांढऱ्या भिंतीला मी "होती म्हणून काढली" म्हणणार नाही.

फक्त_वाचक_७७

मी इथे सहसा लिहीत नाही पण राहवलं नाही. हे सगळं आपल्याकडच्या निर्गुण भक्तीसारखं वाटतंय. सगुण काढून टाकलं, निराकार ठेवला. वारकरी परंपरेत पण हे आहेच ना. शेवटी सगळे धर्म एकच सांगतात.

रेघोट्या

वाचक, तुलना करायचा मोह मला पण होतो पण इथे जरा घसरते. निर्गुणात शब्दही संपतात. इथे उलट आहे, इथे शब्द सोडून दुसरं काही नाही. दीड दोन तास प्रवचन, पाट्यांवर अक्षरं, हातात स्तोत्रांचं पुस्तक, जमिनीवर कबरींचे लेख. चर्च रिकामं नाहीये, ते अक्षरांनी भरलंय, आपल्याला लांबून अक्षरं दिसत नाहीत एवढंच. आणि वारीतले लोक विठोबाचं सावळं रूप बघायलाच पायी जातात हो, त्यांना चुन्याची भिंत दाखवली तर आल्या पावली परत जातील.

झानकाठचा_वाटाड्या

उशिरा आलो धाग्यावर. मी झानडामला राहतो, आसेन्डेल्फ्ट माझ्या सायकलच्या टप्प्यात. लांबच लांब एका रस्त्याचं गाव आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाताना वाटतं संपतच नाही. सांगलीकर, तुम्ही जायचा बेत करत असाल म्हणून आधीच सांगतो, ते चर्च आता नाही. १८५२ ला पाडलं. मी मागे एकदा भाबडेपणाने शोधत गेलेलो, हातात मोबाईलवर ते पेंटिंग, आणि एका भल्या माणसाने सांगितलं की तुम्ही जवळपास पावणेदोनशे वर्षं उशिरा आलात. म्हणजे आता ते चर्च म्हणजे सानरेडामचे कागद आणि ती फळी, एवढंच.

पण मुख्य गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. सांगलीकर, राइक्सम्युझियममध्ये जाऊन पेंटिंग नक्की बघा, मोठं नाहीये, साधारण अर्धा मीटर उंच आणि पाऊण मीटर रुंद. सगळे लांबच्या पुलपिटकडे बघतात, तिथे बारीक बारीक माणसं प्रवचन ऐकत बसलीत. तुम्ही खाली बघा, एकदम पुढे, फरशीवर. तिथे एक कबरीची शिळा आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये नाव आहे यान सानरेडाम. म्हणजे त्याचा बाप.

बाप १६०७ ला गेला तेव्हा हा पोरगा दहाचा पण नव्हता. मग आई त्याला घेऊन हार्लेमला गेली. तिथेच शिकला, तिथेच आयुष्य काढलं. जेकब फान कांपेनने काढलेलं त्याचं एक चित्र आहे त्यात तो बुटका आणि पाठीला कुबड असलेला दिसतो. तर हा माणूस पस्तिशी ओलांडल्यावर गावी परत येतो, सगळं चर्च मोजतो आणि पुढे पेंटिंग करताना बापाची शिळा एकदम आपल्या पायाशी आणतो. आता तिरकसराव म्हणतील शिळा तिथे होती म्हणून काढली. होतीच. पण तिच्यासमोर बसायला कोणी सांगितलं होतं?

बापाचं पण सांगतो, हे ऐकण्यासारखं आहे. यान सानरेडाम तांब्याच्या पत्र्यावर कोरून चित्रं छापायचा, नावाजलेला होता. त्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र म्हणजे बेव्हरवाइकच्या किनाऱ्याला लागलेला देवमासा, १६०२ चं. देवमासा मधोमध पडलाय, त्याच्यावर माणसं चढलीत, नाकाला रुमाल लावलेले साहेब लोक, आणि वरच्या चौकटीत ग्रहण, भूकंप असली अशुभ चिन्हं. म्हणजे त्या काळात देवमासा किनाऱ्याला लागला की लोक म्हणायचे काहीतरी वाईट होणार, युद्ध नाहीतर साथ. बापाच्या चित्रात शकुन-अपशकुनांची नुसती गर्दी, आणि पोराच्या चित्रात बघावं तिकडे पांढरं. एकाच घरातली दोन माणसं. ज्यांना प्रतीकंच मोजायची हौस आहे त्यांनी बापाचं चित्र मोजावं, तिथे सापडतील, मेहनत वाया जाणार नाही.

तिरकसराव

शिळेसमोर बसायला कोणी सांगितलं नव्हतं. बरं. एक पॉइंट दिला. एकच.

मला एक सांगा मग, बाहेरून चर्च काढतात तेव्हा टोकावर कोंबडा असतो तो काय? क्रॉस चालत नाही आणि कोंबडा चालतो? का तो पण वाऱ्याची दिशा बघायला?

निर्मळची_लेक

कोंबडा आमचा पण आहे हो 😀 येशूचा शिष्य पेत्र, त्याने येशूला ओळखत नाही असं तीनदा सांगितलं आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट. जागे राहा, शब्द फिरवू नका. डच गावात ढोबळमानाने असं बघितलं की कॅथलिक चर्चच्या टोकाला क्रॉस आणि वर कोंबडा, आणि यांच्या चर्चवर बऱ्याचदा नुसता कोंबडा. वाऱ्याची दिशा पण तोच सांगतो, शेतकऱ्याला आणि खलाश्याला दोन्ही कामाचं.

आणि सगळे कॅथलिक तिथून पळून गेले असं समजू नका कोणी. उघड चर्च बंद झालं तर लोक घरात मिस्सा करायला लागले. आमस्टरडॅमला कालव्यावर एक घर आहे, बाहेरून साधं व्यापाऱ्याचं घर आणि वरच्या मजल्यांवर आख्खं चर्च, १६६० च्या दशकातलं, वेदी, गॅलरी, सगळं. आता म्युझियम आहे. जिने इतके अरुंद की मला साडी असती तर जमलं नसतं. अधिकाऱ्यांना माहीत असायचं, फक्त रस्त्यावरून दिसता कामा नये ही अट. म्हणजे बघा, दोघांचं भांडण काय दिसावं आणि काय दिसू नये यावरच.

आमच्या वसईत १७३९ नंतर उलटं झालं, चिमाजी अप्पांच्या फौजेने चर्चच्या घंटा नेल्या आणि त्या देवळात बांधल्या, भीमाशंकरला आहे एक. माझा भाऊ ट्रेकला गेला तेव्हा ती वाजवून आला, म्हणाला आपलीच आहे.

वेंगुर्ल्याक_येवा

धाग्याशी फार संबंध नाही पण १६३० च्या दशकात हे डच आमच्या वेंगुर्ल्यात येऊन वखार टाकून बसलेले, १६३७ ची वखार, अजून पडकी भिंत उभी आहे. म्हणजे सानरेडाम तिकडे चर्चचे खांब मोजत होता तेव्हा त्याचे गाववाले इकडे माल मोजत होते. मोजणं हाच त्यांचा धर्म असं माझं स्पष्ट मत. चला, चालू द्या.

सांगलीकर_आमस्टेलवीन

मंडळी, मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी आईला आणि लेकीला घेऊन राइक्सम्युझियमला गेलो. रेम्ब्रांटच्या मोठ्या चित्रासमोर ही गर्दी, सानरेडामपाशी आम्ही तिघं आणि एक पेंगुळलेला गार्ड.

आधी आईला काही सांगितलं नाही, म्हटलं बघूया. ती जवळ गेली, चष्मा वर केला, म्हणाली, हे आपल्या फ्रेममधलंच की. मग थोड्या वेळाने, अगं बाई यात माणसं पण आहेत. लेकीने पुलपिट शोधलं, मग दोघींची चढाओढ लागली, कोणाला किती माणसं दिसतात. मग मी खाली बोट दाखवलं आणि झानकाठच्या दादांनी लिहिलेलं सांगितलं, की ही शिळा त्याच्या वडिलांची, तो लहान असताना वारले, आणि मोठेपणी त्याने चित्र काढताना ती अशी पुढ्यात घेतली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. गार्डने एकदा आमच्याकडे बघितलं कारण ती चित्राच्या फार जवळ गेलेली. मग म्हणाली, "म्हणजे लोक याच्या वरून चालत जायचे? चपला घालून?"

हे मला खरंच माहीत नाही. चालायचे का?

झानकाठचा_वाटाड्या

चालायचे काकू, रोजच्या रोज, आणि लाकडी बुटांनी. सगळी फरशीच कबरींची असायची, नवीन माणूस गेला की शिळा उचलायची, खाली ठेवायचं, परत बसवायची. उन्हाळ्यात वास यायचा म्हणतात. चर्चच्या आत पुरणं १८२९ पासून कायद्याने बंद झालं. जुन्या चर्चमध्ये गेलात तर मधल्या वाटेवरच्या शिळांची अक्षरं बघा, चालून चालून गुळगुळीत झालेली असतात, कडेच्या भिंतीलगतची वाचता येतात.

यानच्या शिळेवरचं नाव पेंटिंगमध्ये मात्र अगदी स्पष्ट आहे.

सांगलीकर_आमस्टेलवीन

आईला वाचून दाखवलं. फ्रेम हॉलमध्ये चपलांच्या रॅकच्या वर लावलेली, ती तिने काढून आत नेलीये.